चाळीस सेंटिमीटर

गोठलेल्या तळ्याला वळसा घालून पलीकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे ओस्सी आणि ताउनो हे दोघे म्हातारे उभे होते.

"ताउनो, उद्या तुझा ट्रॅक्टर तळ्यावर घाल. बर्फावरच्या वाटेच्या खुणेला फांद्या रोवायच्यात."

"बर्फ किती धरलाय?"

"चाळीस सेंटिमीटर. मी स्वतः भोक पाडून मोजलाय."

"त्यात काळा किती आणि पांढरा किती?"

"बर्फ तो बर्फ!"

"पांढरा म्हणजे भिजून गोठलेलं हिम, ओस्सी. काळ्या, आरपार दिसणाऱ्या बर्फाच्या निम्मीच ताकद त्याला. भोक कुठं पाडलंस?"

"काठाशी."

"आणि मध्ये?"

"मध्येही तेवढाच असणार की! किती संशय घेशील?"

"तुझं घर समोरच्याच काठाला ना? तळ्यावरून चालत अर्धा तास?"

"हो, मग?"

"मग बसच्या रांगेत काय करतोयस?"