दशक्रियेच्या पत्रिकेतला फोटो

कुणी मोठं माणूस मला संस्कार शिकवायला लागलं की कामथडीचे अण्णा आठवतात.

कॉलेज सोडून मी नसरापुरात प्रिंटिंगच्या दुकानात बसलो होतो. अण्णा वडिलांच्या दशक्रियेच्या पत्रिकेची पीडीएफ घेऊन आले आणि आल्या आल्या सुरू झाले, "शिकला न्हाईस, आईबापाची सेवा तरी कर. आमी म्हाताऱ्याला कदी उंबऱ्याबाहीर पाऊल टाकू दिलं न्हाई."

पत्रिका एका पानाची, पण फाईल इतकी जड की प्रिंटर हलेना. ती लहान करायला मी दुकानातल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर आतला फोटो वेगळा काढला. पत्रिकेत म्हाताऱ्याचा फक्त हसरा चेहरा दिसत होता. पण कापलेला भाग पीडीएफमध्ये बऱ्याचदा तसाच दडून राहतो. अख्खा फोटो उघडला. मागं गोठा, म्हातारा खुंट्याशी बसलेला, पायाला दावं. आणि तरी हसतोय.

मी स्क्रीन अण्णांकडं वळवली. वाटलं, आता तरी मान खाली घालतील.

त्यांनी चष्मा लावला, वाकून निवांत बघितलं.

"व्हय, तेच दावं," ते म्हणाले. "आता कालवडीला बांधलंय. तू प्रिंट काढ."