बॉयलरमधलं विरजण

सांगते ना, पहिल्यापासून सांगते, फक्त मध्येच मी भरकटले तर मला ओढून आणू नका, मला भरकटायला आवडतं. माझं माहेर गुहागरच्या पुढे, समुद्राच्या अंगाला, घरात आठ माणसं नि दोन म्हशी, तेव्हा दूध तापवायचं, निवू द्यायचं, बोट बुडवून कोमट झालंय का बघायचं आणि विरजण लावायचं, हे काम माझं, अगदी लहान होते तेव्हापासून. शाळेत मी ढ, पण दही माझं कधी बिघडलं नाही. मग लग्न झालं, ह्यांच्याबरोबर अबू धाबीला आले, त्याला झाली सव्वीस वर्षं, हे मुसाफ्फाला एका गोदामात स्टोअर सांभाळतात आणि आम्ही राहतो मोहम्मद बिन झायद सिटीत, एका व्हिलाचे भाग पाडलेत त्यातल्या खालच्या भागात. पहिल्या उन्हाळ्यात काय सांगू तुम्हाला, दुपारी खिडकीबाहेर नुसतं पांढरं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, एसीची घरघर, आणि मी त्या घरघरीत डोळे मिटून पडले की मला आमचा समुद्र ऐकू यायचा. खरंच यायचा हो, हे हसायचे मला.

वरच्या भागात रईसा राहायची, ताश्कंदची, शिवणकाम करायची. तिचं हिंदी सगळं सिनेमातलं, माझं इंग्रजी सगळं मुलीच्या शाळेतलं, पण आमच्या गप्पांना कधी शब्द कमी पडले नाहीत. तिच्याकडे काचेची मोठी बरणी असायची, तीत गोड कोरा चहा आणि त्यावर तरंगणारी जाड गोल साय, घावनाएवढी. ती तिला ग्रिब म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडे आळंबी. आठ-दहा दिवसांनी तो चहा आंबटगोड होतो, जिभेला बारीक चिमटे काढतो. पहिल्यांदा प्याले तेव्हा मी म्हटलं शी, आणि लगेच म्हटलं अजून दे. मग तिच्या नवऱ्याची नोकरी गेली, यल्ला खलास, महिनाभरात बाडबिस्तारा गुंडाळून सगळी परत निघाली. बरणी विमानातून न्यायची कशी, म्हणून तिने माझ्या हातात दिलीन्, डोळे पुशीत म्हणाली, कुंदा, ही माझ्या आईची, ताश्कंदहून आलेली, हिला चहा पाजत जा. मी पाजत गेले. माझ्या लेकीने, मुग्धाने, बरणीचं नाव आजी ठेवलंन्.

पाच वर्षं अशी गेली आणि ह्या जूनमध्ये रईसाचा फोन आला. तिची आई गेली होती. आवाज बसलेला, मागे तिची मुलगी झरीना हुंदके देत होती. घर आवरताना रईसाच्या भावाने आईची बरणी मोरीत ओतून टाकलीन्, पुरुषमाणूस, त्याला काय कळतंय. झरीना तिकडेच आजीच्या हाताखाली वाढलेली, ती रडून रडून एकच मागत होती, आजीची ग्रिब. रईसा म्हणाली, आता जगात ती फक्त तुझ्याकडे आहे, ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघी येतो, थोडी दे. मी म्हटलं, अगं थोडी कसली, जीव गेला तरी सांभाळीन. असं मी म्हटलं, ह्या तोंडाने.

आणि मग माझ्या डोक्यात हवा गेली. आमच्या मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम, दुबईत ऊद मेथाला, साठ-सत्तर माणसं, कुणीतरी म्हणालं, काकू, तुमचा तो आंबट चहा आणा ना सगळ्यांना. झालं! दोन लिटरच्या बरणीतून सत्तर पेले कुठून येणार? मी गावाला दीड महिना राहून आले होते, अंगात नुसता उत्साह, ह्यांना म्हटलं, मला चहाचा मोठा बॉयलर पाहिजे, विजेवरचा, नळ असलेला. हे म्हणाले, अडीच हजार वॉटच्या वर जाऊ नकोस, इथली लाइन एसीनेच धापा टाकतेय. मुसाफ्फाच्या एका दुकानात गेलो, तिथे ओळीने उभे होते, स्टीलचे, चकचकीत, प्रत्येकात माझंच तोंड वाकडंतिकडं दिसत होतं, मी तिथेच रमले. एक होता एका पत्र्याचा, त्याची कॉइल आत उघडी, इथल्या पाण्याचा पांढरा थर तिच्यावर बसतो आणि मग तो चहात उतरतो, शिवाय बाहेरून हात भाजतो तो वेगळाच. एकाचा नळ प्लास्टिकचा, त्याला वास. आणि एक तीस लिटरचा, दुहेरी पत्र्याचा, कॉइल तळाखाली लपलेली, आकड्यांचं बटण, साडेतीनशे दिरहम, म्हणजे आपले आठ हजारांच्या वर गेले की हो! दुकानदार म्हणाला, मॅडम, सुबह बंद करो, शाम तक गरम रहेगा. मुग्धा म्हणाली, जस्ट टेक इट आई. मी घेतला. तो गरम राहतो, ह्याच गुणावर मी भाळले.

आता इथल्या पाण्याचं सांगते, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी अशी तापते की निळ्या खुणेच्या गार नळाला चटका देणारं पाणी येतं. म्हणून मे महिना लागला की इथे आम्ही बायका गिझर बंद करतो, घरातल्या एसीने त्यातलं साठलेलं पाणी थंड होतं आणि ऑक्टोबरपर्यंत गार पाणी लाल नळाचं. सव्वीस वर्षं हाताला हीच सवय. पण मी नुकती गावाहून आलेली, हातात विहिरीचं पाणी होतं. पंधरा लिटर पाणी उकळलं, चहा-साखर घातली, गाळलं, दुपारपर्यंत वाट बघितली, बॉयलर काही निवेना. म्हटलं, गार पाणी घालून निववते, आणि पाइप लावला निळ्या नळाला, दहा लिटर ओतलं. बोट बुडवलं, सोसलं, म्हणजे कोमट. मोठ्या पातेल्याला मोठं विरजण, ह्या हिशेबाने ग्रिब अख्खीच्या अख्खी आत सोडली, वरून पंचा बांधला, बरणी घासून पालथी घातली. शिकवण सगळी अगदी बरोबर होती हो, जागा तेवढी चुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुग्धाने नळाखाली पेला धरलान् आणि किंचाळली, आई, इट्स स्टिल हॉट! मी बोट लावून म्हटलं, छे गं, कोमट आहे. ती म्हणाली, नो आई, युअर फिंगर्स आर डेड. बरोबरच आहे, तव्यावरची भाकरी हाताने उलटणारी बोटं ही, त्यांना काय चटका कळणार? आणि तो दुहेरी पत्रा, त्याने रात्रभर ऊब काही सोडलीन् नाही. तरी मी आशेवर दहा दिवस काढले. रोज पंचा उचलायचा आणि झाकायचा. वर साय धरेना, खाली काळपट काहीतरी बसलेलं, आणि मग एक दिवस वर हिरवी लव आली. मी तिथेच लादीवर बसले आणि खूप रडले. ह्यांनी सगळं मोरीत ओतलंनी, मला बघू दिलं नाही. त्या भावाला मी नावं ठेवली होती, आणि आमच्या घरात वेगळं काय झालं?

कार्यक्रमाला कोकम सरबत नेलं, लोक पिऊन गेले, कुणी विचारलंसुद्धा नाही. रईसाला फोन करायचा धीर होईना, तीन आठवडे तसेच गेले. दुपारी पडले की स्वप्न तेच, एक म्हातारी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, माझ्या ओट्याशी उभी, बॉयलरमधून वाफ येतेय, सगळं स्वयंपाकघर चहाच्या रंगाचं झालंय, आणि ती शांतपणे बोट बुडवतेय. रागावत नसे ती, नुसती माझ्याकडे बघायची. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

शेवटी फोन लावला. म्हटलं, रईसा, तुमारी मां की ग्रिब हमसे मर गयी. पलीकडे पावलांचा, दार लोटल्याचा आवाज, आणि ती हळूच म्हणाली, कौनसा नल? मला समजेना ही काय विचारतेय. म्हटलं, निळा. तर ती बाई हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. म्हणाली, कुंदा, मीसुद्धा निळाच. पहिल्याच जुलैमध्ये, आईने दिलेली ग्रिब तीन दिवसांत मारली मी. तुला दिली ती शारजाच्या एका नर्सकडून आणलेली. आई दर शुक्रवारी फोनवर विचारायची, माझी ग्रिब कशी आहे, आणि मी म्हणायची, मजेत. इतकी वर्षं म्हणाले, मग झरीनाला कुठल्या तोंडाने सांगू? तू कुणाकडूनही आण, माझ्या बरणीत ठेव.

अल ऐनला एक मल्याळी टीचर हा चहा करते असं कळलं, तिच्याकडे दीड तास गाडीने गेलो. वाळू, खजुराची झाडं, पुन्हा वाळू, येताना मांडीवर डबा धरून मी अर्धी झोपेत. ह्या खेपेला चहा उकळला बॉयलरमध्ये आणि निववला परातीत, बोट मुग्धाचं घेतलं. ऑक्टोबरात दोघी आल्या. झरीनाने पेला दोन्ही हातांनी धरलान्, एक घोट घेतलान् आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. रईसाने खाली बघत मला सांगितलंन्, ती म्हणतेय, तीच चव, आजीच्या हातची. मी रईसाकडे बघितलं नाही, तिने माझ्याकडे बघितलंन् नाही. मी उठून पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, मला तेवढंच सुचलं.

वाईट वाटतं का विचाराल तर वाटतं. एवढ्याशा पोरीला फसवलं, दोन बायकांनी मिळून. तुम्ही लिहा खुशाल, तिला कुठे मराठी वाचता येतंय. परवा तिने फोटो पाठवलान्, ताश्कंदच्या थंडीतली खिडकी, बरणी, वर पातळ नवी साय धरलेली, आणि खाली लिहिलंन्, ग्रँडमा इज फाइन. मी किती वेळ बघत बसले. मग म्हटलं, असेल बाई. आता ती तुझीच आहे, सुखात नांदा दोघी.