दिरांनी बुजवलेली भोकं

चहा हवा तेवढा घ्या, पण माझ्यासमोर सिलिकॉनचं नाव काढू नका. आमच्या लोणावळ्याच्या पावसात स्लायडिंग खिडकीच्या कडेनं जरा ओल यायची, एवढंच. तर धाकटे दीर तळेगावहून सिलिकॉनची गन घेऊन हजर. "वहिनी, मिस्त्री कशाला? मी आहे ना."

कडा भरल्या, छान भरल्या, खोटं का बोलू? पण ट्यूब उरली. ती वाया कशी घालवायची? म्हणून खिडकीच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला जी बारीक भोकं असतात, तीही त्यांनी बुजवून टाकली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक काठोकाठ भरला आणि सगळं पाणी आत, गादीवर.

मी त्यांना नेऊन भोकं दाखवली. तर म्हणतात, "भिंतीतून एक थेंब आलाय का, वहिनी? मग माझ्या कामात खोट कुठंय?"

ऐन श्रावणात लोणावळ्यात गादी वाळवायची कुठं, ते नाही सांगितलं. मी सुरीनं सिलिकॉन खरवडत बसलेय, आणि बाहेर सासूबाई शेजारच्या काकूंना सांगतायत, "तुमच्याही खिडक्या करून देईल तो. अजून अर्धी ट्यूब आहे त्याच्याकडे."