आबांच्या फेट्यावरचा पतंग

पतंग बघायला पांढरी चादर लागते एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पांढरा फेटाही चालतो, हे कासुर्डी गावात कळलं.

दौंडला आमचं छोटं निसर्गमंडळ होतं आणि शेखसर त्याचे पुढारी. अंधार पडला की शेतात चादर टांगायची, जनरेटरवर मोठा दिवा लावायचा आणि उजेडाला येणारे पतंग पुस्तकात बघून ओळखायचे. त्या दिवशी कासुर्डीत लोडशेडिंग होतं, म्हणून ज्यांचं शेत ते आबा पेपर घेऊन आमच्याच दिव्याखाली वाचत बसले.

सरांना कवटीचा पतंग हवा होता. त्याच्या पाठीवर माणसाच्या कवटीसारखी खूण असते. कित्येक वर्षं त्यांनी त्याची वाट बघितली होती. त्या दिवशी तो आला, पण चादर सोडून थेट आबांच्या फेट्यावर बसला.

"आबा, हलू नका," सर हळूच म्हणाले. "फेट्यावर पतंग बसलाय."

"चावतो का?"

"नाही."

"मग बसू द्या की."

आबा खरंच दगडासारखे बसून राहिले. पुस्तकात दोन जाती अगदी सारख्या दिसत होत्या, त्यामुळं फोटो हवाच होता. सरांनी पिशवीतून कॅमेरा काढला आणि समोर येऊन डोळ्याला लावला.

कॅमेरा दिसताच आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, दोन्ही हातांनी फेटा सरळ केला, तसा पतंग भुर्रकन अंधारात उडाला, आणि आबा मान ताठ करून म्हणाले, "हां, काढा आता."

सरांनी काढला.