आकडा हलत नाही

मंडळी, ऐका! बुडत्याला वर काढणं पुण्य. माना डोलल्या, छान! पण वर काढता येत नाही आणि कुणी त्याला आहे तिथंच धरून ठेवलं, आणखी खाली जाऊ दिलं नाही — तर? ते पुण्य किती? चार आण्यांचं?

बोला ना! — नुसते खोकू नका.

आख्यान पुराणातलं नाही, आपल्याच कोष्टी आळीतलं. शिवराम कोष्टी. रक्तदाबानं मूत्रपिंडं झिजली. तालुक्याची डॉक्टरीण म्हणाली, "गेलं ते परत येत नाही. उरलंय ते टिकवू. मीठ कमी. रक्तदाबाची गोळी रोज. अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही."

बायको गिरिजा. तिनं लोणच्याची बरणी माहेरी धाडली! पापड बंद! स्वतःही अळणी जेवू लागली — नवऱ्यासमोर ठेचा कसा खायचा?

वर्षं गेली. रक्त तपासलं की क्रिएटिनिनचा आकडा — मूत्रपिंडं झिजली की चढतो तो — तिथंच. डॉक्टरीण खूश! आणि आपण? शेजारचा नारबा पारावरून ओरडायचा, "काय शिवराम, अजून तिथंच? गाडी पंक्चर का काय?"

— हसलात! तेव्हाही हसला होतात.

गिरिजालाही नारबा म्हणायचा, "वैनी, एवढं अळणी खाऊन काडीचा फरक नाही!"

"फरक पडत नाही भावजी, त्यासाठीच तर सगळं."

कोण ऐकतो! नारबानं भस्मवाला आणला. तो म्हणाला, "मुळासकट बरा करतो. गोळ्या फेका, खा-प्या!"

शिवरामनं फेकल्या. माणूसच तो — कंटाळला होता. पहिल्या पापडाला डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. गिरिजा भांडली, रडली. कुणी तिच्या बाजूनं बोललं? कुणीही?

महिन्याभरात चेहरा भरला. नारबानं हार घातला! "बघा, कसं तेज चढलंय!" तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

गिरिजानं शिवरामच्या नडगीवर बोट दाबलं. उचललं. खळगा तसाच राहिला! तेज नव्हतं ते, मंडळी — सूज होती! अंगात साठलेलं पाणी!

मृदंग थांबवा.

कार्तिकात डायलिसिस. माघात माणूसच नाही.

तेव्हा उद्या कुणी म्हणालं, "रिपोर्ट आहे तसाच आला," तर तोंड वाकडं करू नका. पेढा द्या! — पेढा नको, साखरेचा आजारही असेल बिचाऱ्याला. हात जोडा. आधी त्याच्या चुलीपुढच्या बाईला.

आज आरतीचा मान गिरिजावैनींचा. वैनी, या. तबक घ्या.

...या ना.

नाही म्हणताहेत. बरोबर आहे.

तबक खाली ठेवा. आज आरती नाही. मंदिराला दार एकच, आणि वैनी त्या दाराशी बसल्यात. उठा मंडळी — जा त्यांच्यासमोरून घरी.