बोथट सुरी

सकाळी सव्वाआठला दिग्रसहून यवतमाळची बस सुटली. धुरपताबाईंच्या पुढच्या बाकावर कोंबड्या कापायच्या कारखान्यातल्या दोघी बसल्या होत्या. एकीच्या मनगटाला पट्टा बांधलेला होता.

“आरिफा, काल कामानं हाताले किती धोका हाय ते तपासाले आलेल्या साहेबाले काय दाखवलं वं तू?”

“सुरी. त्याच्यासाठी कालच सगळ्यायले धार लावलेल्या सुऱ्या देल्या होत्या ना, संगीता? मी आपली रोजची बोथट काढली, अन् म्हटलं, साहेब, याच्यानं कापा.”

“माय वं! कापल्या?”

“सहा. सातवीले मनगट चोळून राह्यला. म्हटलं, आमच्या एका पाळीत आठशे होतात.”

“अन् सुपरवायझर?”

“लालबुंद! आज सकाळी फोन आलता त्याचा. उद्यापासून काय, आजपासूनच येऊ नको म्हणे.”

“मग बसमध्ये कायले बसली?”

“कामावर चालली. म्हटलं, येऊ नको हे कागदावर लिहून दे. त्यानं फोनच ठेवला.”

धुरपताबाईंना राहवलं नाही. “बाई, साहेबानं मंग काय लिहिलं?”

“त्याच्या फॉर्मात हाताले धोका कमी, मध्यम का जास्त, तो रकाना जाईलोक कोराच होता, मावशी. सुरी मात्र पिशवीत घालून घेऊन गेला.”