बहीण नसलेला उमेदवार

(अहमदपूर, मार्च १९८५. ज्ञानोबा मास्तरांचं घर. दुपार.)

तारामती : ...मग जीप कुठं ठिवलीस?

श्रीमंत : यस्टी स्टँडावर. तिथनं चालत आलो.

तारामती : आमदार झालेला मानूस चालत आला. बारा वर्सांत पहिल्यांदा बहिनीच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकलास. बस. पानी देते. पितूस का आमच्या घरचं?

श्रीमंत : दे की अक्का.

तारामती : अर्धाच गिलास हाय. टँकर परवा येनार.

ज्ञानोबा : अभिनंदन, श्रीमंतराव. दोनशे अकरा मतांनी म्हणजे घासूनच आलात.

श्रीमंत : हाव मास्तर, घासूनच.

तारामती : त्यातली किती माझ्या मरनावर पडली?

श्रीमंत : अक्का!

तारामती : सभेला होते मी. बाजारतळावर, बायांत बसले होते, पंचशीलेला घेऊन. एवढी अकरा वर्सांची झाली, मामा बघितला न्हवता पोरीनं. दावायला आनलं होतं.

श्रीमंत : तू... तू होतीस तिथं?

तारामती : पयलं लई चांगलं बोललास. नवा जिल्हा झाला, लातूरला कलेक्टर बसला, पन आपल्या बायांच्या घागरी रिकाम्याच. मी बी टाळी वाजवली. मग तो पटकेवाला उठला. 'तुमची बहीन कुठं दिली, ते सांगा की लोकान्ला.'

श्रीमंत : समोरच्या पार्टीनं मुद्दाम उठवला होता त्याला. समदी माझ्या तोंडाकडं बघून राहिली होती. काई सुचलं न्हाई. निघून गेलं तोंडातून.

तारामती : काय निघून गेलं? म्हन की. माझ्यासमोर म्हन.

श्रीमंत : ...'एकच बहीन होती मला. बाहात्तरच्या दुष्काळात गेली.'

तारामती : आन डोळे पुसलेस.

श्रीमंत : ते रडू खरं होतं, अक्का. तुझी शपथ.

तारामती : माझ्या शेजारची म्हातारी बी रडली. माझाच पदर घेऊन डोळे पुसले तिनं. म्हनली, किती जीव होता बघ बहिनीवर. आन पंचशीला मला इचारती, आई, मामाला आनखी एक बहीन होती का गं?

श्रीमंत : पुरे कर. पाया पडतो.

ज्ञानोबा : तसं तुम्ही अगदीच खोटं बोलला नाहीत. दुष्काळात खडीच्या कामावर मी हजेरी लिहायचो, तिथंच आमची ओळख झाली. पुढच्या वर्षी ही माझ्या घरी आली. 'बौद्धाच्या घरी गेली' म्हणायचं होतं, तुम्ही नुसतं 'गेली' म्हणालात.

श्रीमंत : मास्तर, खरं सांगितलं असतं तर डिपाझिट जप्त झालं असतं. भावकीतलं एक मत पडलं नसतं मला.

ज्ञानोबा : आमच्या वस्त्यांतली पडली असती.

श्रीमंत : तसा इचारच केला न्हाई मी.

ज्ञानोबा : नाही केलात.

तारामती : सभेच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या पार्टीची जीप दारात. म्हनले, बाई, आमच्या स्टेजवर चला. नुसतं उभं ऱ्हावा. बोलायचं काई काम न्हाई.

श्रीमंत : मला कळलं होतं. तीन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. आता बाजार उठला म्हनलो आपला. आन तू गेलीच न्हाईस. का गं गेली न्हाईस?

तारामती : म्हनले त्यान्ला, श्रीमंतची बहीन मेली, तुमीच ऐकलं की. मी मास्तरची बायकू.

श्रीमंत : माझ्यासाठी म्हनलीस?

तारामती : आईसाठी. तुझ्या शेजारी खुर्चीत बसली होती. तू बोललास आन तिनं मान खाली घातली, ती सभा सरंस्तवर वर केली न्हाई. तिला आनखी किती लाज आनायची?

श्रीमंत : आई बोलतच न्हाई माझ्याशी. निकाल लागला, पेढा घेऊन गेलो, तर त्वांड फिरवलं. परवा एकदाच बोलली. 'दर बाजाराला भेटत होते मी तिला, बारा वर्सं. आता मेलेल्या लेकीला कशी भेटू?' मला ठावंच न्हवतं, अक्का. खरंच ठावं न्हवतं.

तारामती : कासाराच्या पालामागं बसायचो दोघी. घटकाभर. कारळाची चटनी आनायची माझ्यासाठी. सभा झाल्यावर दोन बाजार झाले. मी जाऊन बसले. ती आली न्हाई.

श्रीमंत : म्हनून तर आलो. घरी चल. तिला दिसू दे तू.

तारामती : मी जिती हाय ते तिला ठावं हाय. लोकान्ला कवा सांगनार?

श्रीमंत : सांगीन. सांगनारच हाय. पन आत्ताच निवडून आलोय, जरा दम खा. पुढं बघून...

ज्ञानोबा : पुढं पुन्हा निवडणूकच येते, श्रीमंतराव.

तारामती : ऱ्हाऊ द्या वो मास्तर. मुंबईला कवा निघनार तू?

श्रीमंत : रविवारी. सोमवारी शपथ हाय.

तारामती : मग सोमवारी येते मी आईकडं.

श्रीमंत : मी नसताना?

तारामती : तू असलास की कुनीतरी इचारंल, ही बाई कोन. मग तुला पुन्हा काईतरी सांगावं लागंल. सांगायचं असंल तर थांब सोमवारी. शपथ काय, मंगळवारी बी घेता येत असंल.

श्रीमंत : दहाच्या यस्टीला गाववाल्यांची लई गर्दी असती, अक्का. आठची धर.